उन्हाळ्यातील गाभण गाय : शेवटचे साठ दिवस



ऊस विकास अधिकाऱ्याने लागणीवर, खतावर, फार तर हुमणीवर लिहावे अशी आपल्या पत्रिकेची रीत आहे. या खेपेस मी गायीवर लिहीत आहे. त्याला कारण घडले ते असे.

गेल्या मे महिन्यात खोडव्याच्या पाहणीसाठी एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. दुपारचे अडीच वाजले होते. दारातल्या लिंबाखाली तीन संकरित गायी सावलीला रवंथ करीत बसल्या होत्या. चौथी दिसेना, म्हणून विचारले. ती गोठ्यामागे, हाताला लागेल इतक्या ठेंगण्या पत्र्याखाली बांधलेली होती. आठ महिन्यांची गाभण, आटलेली. पुढ्यात वाळलेल्या वाढ्यांची पेंढी, बादलीत तळाला पाणी, तेही कोमट. मी घड्याळ लावून तिच्या बरगडीमागची धाप मोजली. मिनिटाला ८४ भरली. मान पुढे ताणलेली, तोंडातून लाळेची तार.

मी आजीबाईंना म्हटले, "आजी, हिला का मागं बांधलं?"

"साहेब, ती कुठं दूध देती? दुधाच्या गाया झाडाखाली. ही व्यायल्यावर आणू की पुढं."

"पेंड किती घालता?"

"दूध न्हाई तिला पेंड कशापायी?"

यात आजींची चूक नाही. आपल्या बहुतेक वस्त्यांवर हाच हिशेब आहे. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, उसाचे बिल केव्हा यायचे तेव्हा येते. जी गाय पगारात भर घालते तिला सावली आणि पेंड, जी घालत नाही तिला वाढे. वरवर पाहता व्यवहार चोख वाटतो, पण तो उलटा आहे. व्याल्यानंतरच्या दहा महिन्यांत ती गाय किती दूध देणार, याचा बराचसा निकाल त्या ठेंगण्या पत्र्याखालच्या साठ दिवसांतच लागत असतो.

पोळा ते मृग

गायीचा गाभण काळ साधारण २८० दिवसांचा, म्हणजे नऊ महिने नऊ दिवस. पोळ्याच्या सुमारास भरलेली गाय हिशेबाने मृगाच्या तोंडावर विते. विण्यापूर्वी दोन महिने ती आटवायची असते. म्हणजे तिचा आटलेला काळ नेमका एप्रिल आणि मे. आपल्या जिल्ह्यात याहून वाईट दोन महिने शोधून सापडायचे नाहीत. त्यातच गळीत हंगाम संपत आलेला किंवा संपलेला असतो. हिरवे वाढे बंद होतात, विहिरी तळाला जातात आणि लग्नसराईत घरातली माणसे वऱ्हाडाला जातात.

वासराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत वाढतो. आधीचे सहा महिने गाय गाभण आहे हे तिच्या खाण्यावरून कळतही नाही. पुढे मात्र तिची गरज झपाट्याने चढते. आपण नेमके त्याच वेळी तिचे खाणे उतरवतो.

दुसरी गोष्ट कासेची. ही ऊसवाल्याला लवकर समजेल. लागणीनंतर उसाला फुटवे येतात त्या काळात पाण्याचा ताण पडला, तर फुटवे मरतात. मग मोठ्या बांधणीला युरियाची पोती ओतली तरी गाळपालायक उसांची संख्या वाढत नाही. जे फुटवे टिकले तेवढेच ऊस. आटलेल्या काळात कासेत हेच चालते. मागच्या वेतातल्या दूध तयार करणाऱ्या जुन्या पेशी झडतात, नव्या वाढतात. कासेचा तो फुटव्याचा काळ आहे. त्या वेळी गाय तापली आणि उपाशी राहिली तर नव्या पेशी कमी तयार होतात. व्याल्यावर दोन पाट्या पेंड घालून ती उणीव भरून निघत नाही. "मागच्या वेताला चौदा लिटर देत होती, या वेताला काय झालं कोणास ठाऊक" अशी तक्रार दिवाळीत कानावर येते, तिचे मूळ पुष्कळदा मे महिन्यात असते.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात या विषयावर बरीच वर्षे काम झाले आहे. तोही उष्ण आणि दमट मुलुख. तेथे आटलेल्या गायींचे दोन गट केले. एकाला पंखे, पाण्याचे फवारे व सावली, दुसऱ्याला फक्त सावली. व्याल्यानंतर दोन्ही गटांची बडदास्त सारखीच ठेवली. आटलेल्या काळात गारव्यात ठेवलेल्या गायींनी पुढे दिवसाला चार ते पाच लिटरच्या आसपास दूध जास्त दिले. त्या गायी तीस-पस्तीस लिटरच्या, आपल्या तेवढ्या नाहीत. म्हणून आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण त्यातली पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तापलेल्या गायींची वासरे जन्मतः वजनाने कमी भरली, आणि त्यांतल्या कालवडी पुढे मोठ्या होऊन व्याल्या तेव्हा त्यांचे पहिल्या वेताचे दूधही कमी निघाले. एका उन्हाळ्याचा दंड दोन पिढ्यांनी भरला.

हे असे का होते? गाय तापली की अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते. तेवढे गर्भाशयाकडे कमी जाते. वासराला अन्न पोचवणारा जार नीट पोसला जात नाही. गाय चार-सहा दिवस आधीच विते आणि वासरू अशक्त निघते.

ही गाय आपल्या उन्हाची नाही

आपल्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेच्या काठी पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाने घर धरले. संकरित गाय त्यानंतरची. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे बाएफ संस्था स्थापन केली. गोठविलेल्या वीर्याच्या कांड्या पुढे खेडोपाडी पोचल्या. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी गाय तयार केली. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टिन फ्रिजियनचे, पाव जर्सीचे आणि पाव आपल्या गीरचे. गीरचा तो पाव हिस्सा उगाच ठेवलेला नाही, उन्हासाठी आणि काटकपणासाठी ठेवला आहे.

अकोल्याच्या डोंगरातली डांगी गाय पाहा. ऊन-पाऊस अंगावर घेते, पण दूध बेताचे. होल्स्टिन थंड मुलखातली. तिला दूध भरपूर, आणि दूध जितके जास्त तितकी अंगातली भट्टी मोठी. आपण पिढ्यान्पिढ्या होल्स्टिनच्याच कांड्या भरत गेलो. आज कित्येक गोठ्यांत नव्वद टक्क्यांच्या पुढे होल्स्टिनचे रक्त आहे आणि पत्रा मात्र तोच. याबद्दल माझे मत असे की, ज्याच्याकडे सावली-पाण्याची सोय नाही त्याने रक्ताचा टक्का वाढवत नेऊ नये. काहींना हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हैस तापली की डबक्यात बसते. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून गाभण डुकरीण सुद्धा चिखलात जाऊन लोळते. गाय तसे करीत नाही. ती गुपचूप उभी राहते, खाणे कमी करते आणि धापते. आपल्याला वाटते, बरी आहे.

धाप मोजायला वैद्य लागत नाही. गाय शांत असताना मिनिटाला पंचवीस ते चाळीस श्वास असतात. साठच्या पुढे गेले की तिला उन्हाचा त्रास सुरू झाला. ऐंशीच्या पुढे काम अवघड. तोंड उघडे, जीभ बाहेर, असे झाले तर वेळ घालवू नये. सावलीत घ्यावे, अंगावर पाणी मारत राहावे आणि डॉक्टरांना बोलवावे. लाळ्या-खुरकत होऊन गेलेल्या काही गायी पुढे जन्मभर उन्हात जास्त धापतात आणि त्यांच्या अंगावरचे केस लांब वाढतात. अशी गाय आपल्याकडे असेल तर सावलीचा पहिला मान तिचा.

येथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटते की पारा चाळीसवर गेला की धोका, आणि जूनमध्ये ढग आले की सुटलो. उन्हाबरोबर हवेतला दमटपणाही धरावा लागतो. दोन्हींचा मिळून एक आकडा काढतात, त्याला उष्णता-आर्द्रता निर्देशांक म्हणतात. तो ७२ च्या पुढे गेला की दुधाळ गायीला ताण पडू लागतो. मे महिन्यातली कोरडी दुपार, तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धरली, तर आकडा ८४ येतो. जूनच्या सुरुवातीचा ढगाळ दिवस, तापमान फक्त ३४ पण आर्द्रता ६० टक्के, तर आकडा ८५ येतो! म्हणजे आभाळ भरून आले, वारा पडला, माणसे 'आता गार होईल' म्हणू लागली, तेव्हाच गाय जास्त हैराण होते. मृगाच्या तोंडावर विणारी गाय नेमकी त्या दिवसांत दावणीला असते.

पोट भरते, वासरू उपाशी

आता आपल्या वाढ्यांकडे येतो, कारण त्याचा जिम्मा माझ्या खात्याकडे येतो.

तोडणी सुरू झाली की वाढे मुबलक. तोडवाले आपल्या बैलांना घालून उरलेल्या पेंढ्या विकतात, सभासदही घरी नेतात. वाढे वाईट चारा नाही. त्यात गोडी असते, गाय आवडीने खाते. अडचण अशी की त्यात प्रथिने कमी. पाणी वजा करून उरणाऱ्या कोरड्या भागात साधारण पाच-सहा टक्केच.

हिशेब करू. चारशे किलोच्या आसपासच्या गाभण आटलेल्या गायीला दिवसाला नऊ ते दहा किलो कोरडा भाग लागतो आणि त्यात सव्वा किलोच्या आतबाहेर, निदान एक किलो शंभर ग्रॅम तरी प्रथिने असावीत. तिला फक्त हिरवे वाढे घातले तर तीस-पस्तीस किलोत पोट फुगते, पण प्रथिने जेमतेम अर्धा किलो मिळतात. गाय तृप्त होऊन बसते, आपणही समाधानी, आणि पोटातले वासरू तिच्या पाठीचे मांस खाऊन वाढते. विताना तिच्या माकडहाडाची दोन्ही बाजूंची खोबणी पाहावी. हात बसेल इतकी खोल असेल तर समजावे की तिने स्वतःला जाळून वासरू पोसले.

त्याच गायीला पंधरा किलो वाढ्याची कुट्टी, दहा किलो घास, दोन किलो सरकी पेंड आणि दोन किलो कडबा द्या. कोरडा भाग साडेनऊ किलोच्या पुढे जातो आणि प्रथिने एक किलो शंभरच्या घरात येतात. फार मोठा खर्च नाही. दोन किलो पेंडीचा प्रश्न आहे, तोही साठ दिवसांचा. घास बांधावरचा असला तर विकतची वस्तू पेंड तेवढीच.

दुसरा दोष ऑक्झलेटचा. वाढ्यात ते बरेच असते. ते आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवते आणि कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. सगळा हंगामभर नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या जनावराची हाडे आतून पोकळ होत जातात. यावर गावोगावी चुन्याची निवळी पाजण्याचा उपाय सांगितला जातो. तो वाईट नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. एक लिटर निवळीत कॅल्शियम ग्रॅमभरसुद्धा नसते. चांगल्या खनिज मिश्रणाच्या ५० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम असते आणि वर स्फुरद, जस्त, तांबे मिळते ते वेगळेच. तेव्हा पिशवी आणा. रोज मूठभर अंबोणात टाका, आणि वाढे एकदम वाढवू नका, हळूहळू सवय लावा.

विण्याआधीचे शेवटचे तीन आठवडे मात्र वेगळे आहेत. येथे जास्त काळजी घेणारेच चुकतात. "गाय विणार आहे, कॅल्शियम पाजा" म्हणून बाटल्या ओततात, घास भरपूर टाकतात. या दिवसांत बाहेरून कॅल्शियमचा मारा झाला की हाडांतून कॅल्शियम काढण्याची गायीची सवय मोडते. व्याली की चिकात एकदम मोठा खर्च होतो, तो भागत नाही आणि गाय मान पोटाशी घालून बसते. त्याला दुग्धज्वर म्हणतात. घासात कॅल्शियम आणि पालाश दोन्ही जास्त. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत घास अगदी थोडा ठेवावा आणि त्याच्या जागी किलोभर शेंगदाणा पेंड द्यावी. प्रथिनांचे गणित तेवढेच राहते. या दिवसांत खनिज मिश्रण कोणते आणि किती, ते आपल्या पशुवैद्यकाला विचारावे. तसेच खाण्याचा सोडा. उन्हाळ्यात दुभत्या गायीला तो चांगला लागू पडतो, पण विण्याच्या टेकाला आलेल्या गायीला नको.

रात्रीच्या लाईटीचा उपयोग

चारा पोटात आंबतो तेव्हा स्वतःच उष्णता तयार करतो. सकाळी दहाला भरपेट घातले की दुपारी दोनला, वर सूर्य आणि आत भट्टी, अशी गत होते. म्हणून उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त चारा संध्याकाळी सातनंतर आणि पहाटे सहाच्या आत पडला पाहिजे. यावर एका सभासदाने मला विचारले, "रात्री उठून गायीला कोण घालणार?" मी म्हटले, तुमच्या मोटारीची लाईट रात्रीची. दारे धरायला बॅटरी घेऊन निघताच ना? जाताना एक पाटी टाका, पहाटे परत येताना दुसरी. दुपारी तिला फक्त पाणी आणि सावली.

पाण्याबद्दल थोडे सांगतो. दुभती गाय उन्हाळ्यात शंभर लिटरच्या घरात पाणी पिते. आटलेली तेवढे पीत नाही, पण तिलाही निदान पन्नास-साठ लिटर लागते, आणि दिवसातून दोनदा बादली दाखवून ते भागत नाही. उन्हातल्या काळ्या प्लॅस्टिक टाकीतले आणि उघड्या पाइपातले पाणी दुपारी हाताला चटका देते. गाय त्याला तोंड लावून मागे सरते. टाकीवर पाचटाचा जाड थर अंथरा, पाइप मातीत गाडा, हौद सावलीत घ्या.

पत्र्याचे काय? तापलेला पत्रा हा वरून लोंबणारा तवाच आहे. तो दहा-बारा फुटांवर असावा, गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, हे सर्व नवा गोठा बांधणाऱ्यासाठी ठीक. आहे तोच पत्रा ज्याला चालवायचा आहे त्याने वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा वाढे-पाचटाचा वीतभर थर टाकून दोरीने बांधावा. पाचट शेताबाहेर नेऊ नका, जाळू नका, सरीतच कुजवा, असे मी आयुष्यभर सांगत आलो आहे. गोठ्याच्या छपरापुरत्या चार भाऱ्या मात्र माझ्याकडून माफ! विजेच्या तारा आणि विडी यांपासून ते छप्पर सांभाळा.

ओली गोणपाटे बांधणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. चारही बाजूंनी गोणपाट लावून गोठा बंद केला की आत न्हाणीघर होते. वर सांगितलेला आकडा आठवा. दमटपणा वाढला तर गारव्याचा फायदा जातो. गोणपाट वाऱ्याच्या एकाच बाजूला लावावे, समोरची बाजू मोकळी सोडावी. अंगावर पाणी मारायचे तर पाठ आणि कुशी चिंब भिजेल असे दोन मिनिटे मारावे आणि मग वारा लागू द्यावा, वारा नसेल तर पंखा. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता नेते. पाणी नुसते केसांवर धुक्यासारखे बसले तर उलट आत ऊब धरते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे झटकन होते. जूनच्या दमट हवेत पंख्यावाचून फारसा उपयोग नाही.

ज्यांनी मुक्त संचार गोठा केला आहे त्यांच्या गायी आपली सावली आपण शोधतात. आपल्या भागात हे गोठे बरेच झाले आहेत आणि ते मला पसंत आहेत. पण त्यातही एक झाड पाहिजे. जाळी ही झाडासारखी गार नसते.

गाय वेळेवर आटवणे हीही एक अडचण. चार-पाच लिटर दूध चालू असते, पगार सोडवत नाही, आणि गाय विण्याच्या महिनाभर आधीपर्यंत पिळली जाते. तिच्या कासेला साठ दिवस मिळाले नाहीत तर फुटवे यायचे कधी? पेंड बंद करून, धारा लांबवून ती आटवावी आणि सडांत सोडायच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. आटली की पेंड पुन्हा सुरू.

वाढ्याचा मुरघास

एप्रिल-मेचा चारा एप्रिल-मेमध्ये शोधायला निघणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याच फडात वाढे पायदळी असतात. ताजे असतानाच त्यांची इंचभर कुट्टी करून, हवा राहणार नाही असे तुडवून, पिशवीत किंवा खड्ड्यात बंद केले की दीड महिन्यात मुरघास तयार होतो. मक्याचा मुरघास यापेक्षा सरस, यात वाद नाही. ज्याला मका परवडतो त्याने मकाच करावा. पण वाढे घरचे आहेत. वरच्या हिशेबाने आटलेल्या गायीला रोज पंधरा किलो, म्हणजे साठ दिवसांना नऊशे किलो. एका गायीमागे टनाची एक पिशवी पुरते. फडावर तोड चालू असेल तेव्हा आदल्या दिवशी मुकादमाशी वाढ्यांचे बोलून ठेवावे, आणि तोडवाल्यांच्या बैलांचा हक्क आधी भागवावा. ती त्यांची जुनी वहिवाट आहे.

२०१९ च्या छावण्यांत आपण गायींना उसाच्या कांड्या घातल्या, कारण दुसरे काही नव्हते. तेव्हा जनावरे जगली ही मोठी गोष्ट. पण उसात साखर आणि काष्ठच जास्त, प्रथिने वाढ्याहूनही कमी. दुष्काळ नसताना गाभण गायीला ऊस तोडून घालू नका. तो गाळपाला द्या आणि त्या पैशाची पेंड आणा.

त्या वस्तीवरची गाय आजींनी त्याच संध्याकाळी लिंबाखाली आणली. जागा करायला दुसरी एक गाय गोठ्यात हलवावी लागली, त्यावरून घरात थोडी कुरकुर झाली असे नंतर कळले. पेंड सुरू झाली, पण दोन नव्हे, दीड किलो. गाय जूनच्या दुसऱ्या आठवड्यात व्याली. कालवड आहे. जार आपोआप पडला. दूध मागच्या वेताइतके आले, जास्त नाही. शेवटचे पंचवीस दिवसच तिच्या वाट्याला सावली आली, त्या मानाने ठीक म्हणायचे. आजी मात्र म्हणाल्या, "साहेब, पंचवीस दिवसांत काय व्हतंय? अवंदा आधीपासनं बांधते झाडाखाली." गोठ्याची सभा असली की पुरुष मंडळी येतात, आणि दावणीला चारा टाकणारे हात घरी असतात. तेव्हा हा लेख घरात वाचून दाखवावा, ही विनंती.

ज्यांच्या गायी श्रावण-भाद्रपदात भरल्या आहेत त्यांनी कांडी भरल्याची तारीख ऊस नोंदीच्या पावतीच्या मागे लिहून ठेवावी. त्या तारखेत सात महिने दहा दिवस मिळवले की गाय आटवण्याचा दिवस निघतो. गट ऑफिसात आलात तर पावती दाखवा, आम्ही तारीख काढून देऊ.